घर गहाण टाकण्याआधी

सोलापूरजवळच्या कुंभारीत, रे नगरात पहिल्या टप्प्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला मिळाला, त्यात वहिनीचंही घर होतं. जन्मभर विड्या वळून, मोर्चांना जाऊन मिळवलेलं घर. दादाच्या मेंदूत गाठ निघाली आणि नातेवाइकांची पहिली सूचना आली, घर गहाण टाका आणि मोठ्या शहरात न्या. म्हणून हे लिहितोय. या आजारात कोणता उपचार काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे घरच्यांना आधी कळायला हवं.

दादा यंत्रमागावर टॉवेल विणायचा. पहाटे डोकं दुखायचं, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. सगळे पित्त म्हणाले. मग मागाच्या डाव्या बाजूचा तुटलेला धागा त्याच्या लक्षात येईना. ताटातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची, डावा खांदा चौकटीवर आपटायचा. चष्म्याचा नंबर बदलून झाला. डोळे चांगले होते, डाव्या बाजूची जाणीवच मेंदूतून पुसली जात होती. पहाटेची डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूचा अशक्तपणा, बदललेला स्वभाव, किंवा मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, यांपैकी काहीही दिसलं तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

फिट आली तेव्हा शेजारी कांदा आणि चप्पल घेऊन धावले. माणसं मायेची, पण त्याचा उपयोग शून्य. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच १०८ ला फोन करा.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात लिहिलं होतं, ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा कॅन्सर. सर्जन म्हणाले, दिसत होती ती गाठ काढली. वहिनीला वाटलं, संपलं. पण या गाठीच्या पेशी हरळीसारख्या निरोगी मेंदूत दूरवर पसरलेल्या असतात. शेतातली माती खणून काढता येते, हात हलवणारा, बोलणारा मेंदू खणता येत नाही. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीरानेच उभा केलेला पडदा असतो. विषापासून मेंदूला वाचवणारा हा पडदा बहुतेक औषधंही अडवतो. एकाच गाठीतल्या पेशीही एकसारख्या नसतात, काही औषधाने मरतात, उरलेल्या पुन्हा वाढतात.

तो पडदा ओलांडणारं एक औषध म्हणजे टेमोझोलोमाइड. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, किरणांच्या तीस बैठका आणि सोबत ही कॅप्सूल, पुढे दर महिन्याला पाच दिवस. २००५ साली युरोप-कॅनडातल्या रुग्णांवर सिद्ध झालेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. त्या अभ्यासात केवळ किरण घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले, कॅप्सूलही घेतलेल्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांपलीकडे. दोन वर्षांनी हयात असलेले मात्र १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅक्केन यांना याच गाठीचं निदान जुलै २०१७ मध्ये झालं, ऑगस्ट २०१८ मध्ये ते गेले. त्यांना पैशाची किंवा डॉक्टरांची कमतरता नव्हती. कर्ज काढणाऱ्या प्रत्येक घराने हे एकदा शांतपणे ऐकावं.

किरणांसाठी जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. मुंबईच्या टाटाचं दुसरं मत हवं असेल तर गाठीचा ब्लॉक आणि स्लाइड पाठवून तपासून घेता येतात. सोबत एमजीएमटी तपासणीचं विचारा, कॅप्सूल किती लागू पडेल याचा अंदाज त्यातून येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत सोय आहे, ऑपरेशनच्या आधीच हॉस्पिटलमधल्या योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवा.

आता सगळ्यात तळमळीने सांगायचं ते स्टेरॉइडचं. डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवतं. त्याने तोंड सुजतं, साखर वाढते, भूक अनावर होते. कोणीतरी सांगितलं, या गोळ्यांनीच तू फुगलास, आणि दादाने त्या एकदम सोडल्या. काही दिवसांतच डोकेदुखी उसळली, पाय उचलेना. ही गोळी डॉक्टरच पायरीपायरीने कमी करतात. फिटच्या गोळीचंही तसंच, एकही चुकवायची नाही.

किरणांनंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसली आणि जडीबुटीवाले दारात आले. पहिल्या तीन महिन्यांत किरणांच्या परिणामानेही तसं दिसू शकतं. डॉक्टरांनी थांबून पुन्हा स्कॅन केला, तेव्हा ती जागा आकसली होती. मधल्या काळात घाबरून उपचार सोडले असते तर ते चांगले महिनेही गेले असते. त्या महिन्यांत दादाने मुलीचं लग्न पाहिलं.

गाठ नंतर परत आलीच. दुसऱ्या ऑपरेशनने काय मिळेल असं विचारल्यावर डॉक्टर स्पष्ट बोलले, आणि दादानेच नको म्हटलं. त्यानंतर वेदनाशामक उपचार, गिळता येईना तेव्हा दुसऱ्या मार्गाने फिटचं औषध, कूस बदलणं, हे सगळं घरी झालं. दादा त्याच घरात गेला, वहिनी आजही तिथेच राहते.

तुमच्या घरी हा रिपोर्ट आला असेल तर प्रत्येक उपचाराआधी डॉक्टरांना विचारा, याने आयुष्य वाढेल, त्रास कमी होईल, की दोन्ही नाही? त्याचं उत्तर हातात येईपर्यंत घराची कागदपत्रं कपाटातच ठेवा.