आधी गोळी, मग रायफल

छोटे, तुझा मेसेज वाचला आणि आधी हसूच आलं. वऱ्हाडात तुरीच्या शेतातून रोही हाकलायला बाबा पत्र्याचे डबे वाजवत रात्री काढायचे, आणि त्याच रोहीच्या शिकारीला तू टेक्सासात पैसे भरून निघालीस! तिकडे रोही, त्यांच्या भाषेत नीलगाय, पोचले ते किंग रँचमुळे. 1920 नंतरच्या दशकांत तिथे प्राणिसंग्रहालयातले रोही आणून सोडले, आणि आता दक्षिण टेक्सासात ते हजारोंनी झालेत. गुरांना ताप आणणाऱ्या गोचिड्या त्यांच्या अंगावरून पसरतात म्हणून सरकारलाही ते कमीच झालेले हवेत. आणि बाहेरून आणलेलं जनावर म्हणून शिकारीला ठरावीक मोसम नाही, बारा महिने चालते.

इथे मात्र उलटी गंमत. आय.आय.टी. मद्रासच्या आवारात काळवीट आणि चितळ पोरांच्या सायकलींमधून वाट काढत फिरतात, पलीकडे गिंडीचं उद्यान. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्यांच्याकडे बंदूक रोखायची कुणाची छाती नाही. आणि तुझ्या टेक्सासात हेच काळवीट, हेच चितळ रँचच्या दरपत्रकावर लावलेले. असो. तू रीतसर जाते आहेस, मांस घरी खाणार आहेस, तेव्हा मी नाक मुरडणार नाही. फक्त एक सांगते. जनावर घायाळ होऊन तासन्‌तास झुडपात तडफडलं तर ती शिकार नव्हे. ते होऊ द्यायचं नसेल तर सगळ्यात आधी गोळीचा विचार कर.

तू विचारलंस काय, तर रायफल कुठली घेऊ, दुर्बीण कुठली लावू. जावईबुवांचे व्हिडिओही पाहिले. सगळे रायफलीच्या लाकडावरून हात फिरवत बसलेत! अगं, रायफल जनावराला शिवत नाही. शिवते ती एवढीशी गोळी, तेरा ग्रॅमचीही नसते. मी शिकारी नाही, पण परंगीमलैवरच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडल्यावर ऑर्डनन्समध्ये माझी सगळी नोकरी काडतुसांच्या पेट्या मोजण्यात आणि तपासण्यात गेली. रायफलीवर डाग पडला तर साहेब ओरडायचे. काडतुसांच्या लॉटमध्ये गडबड निघाली तर साहेबांची झोप उडायची. त्या नजरेने सांगते आहे असं समज.

रोही हे जनावर फसवं आहे. दिसायला घोड्यासारखं, पण नर दोनशे-अडीचशे किलो भरतो आणि मानेची, छातीची कातडी अशी जाड की विचारू नकोस. काळीज आणि फुफ्फुसं पुढे आणि खाली, थेट पुढच्या पायांच्या मध्ये, म्हणजे वाटेत खांद्याचं हाड. गोळी लागली तरी रक्त बाहेर फारसं गळत नाही, आणि जनावर लागलंच नाही असं वाटावं इतक्या जोरात पळत सुटतं. टेक्सासातले जाणते शिकारी रोहीबद्दल जरा दबकूनच बोलतात, ते याचमुळे.

मग गोळीने करायचं काय? आत शिरताना तोंड फुलवून रुंद व्हायचं, म्हणजे जखम मोठी होते. पण फुलता फुलता फुटायचं नाही. अंगात वजन शिल्लक ठेवून हाड ओलांडायचं आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडायचं. फुलणं आणि टिकणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. भरवशाची गोळी म्हणजे या दोघींना एका घरात नांदवणारी.

साधी गोळी असते ना, तांब्याचं पातळ कवच आणि आत शिसं, ती हरणाला उत्तम. रोहीच्या खांद्यावर जवळून, मॅग्नमच्या वेगाने आदळली तर कवच एकीकडे, शिसं दुसरीकडे. 1946 साली जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकनाचं हेच झालं. ब्रिटिश कोलंबियात मूसवर .300 हॉलंड अँड हॉलंडने गोळ्या झाडतोय आणि जनावर पडेना. मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, गोळ्या वरच्या वरच फुटत होत्या. बाकीचे लोक अशा वेळी आणखी मोठी रायफल घेतात. हा घरी गेला आणि गोळीच बदलली. आत तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचं शिसं फुलू दे, फुटू दे, भिंतीमागचा अर्धा भाग जसाच्या तसा पुढे जाणार. 1948 पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते आणि आजही कुणी तिला जुनाट म्हणत नाही.

त्यानंतर आल्या बाँडेड गोळ्या, म्हणजे शिसं कवचाला आतून पक्कं जोडलेलं. स्विफ्टची ए-फ्रेम तर भिंतही ठेवते आणि पुढचं शिसंही जोडते. आणि तिसरी जात अख्ख्या तांब्याची, बार्न्सने 1989 मध्ये आणली. शिसं नावालाही नाही. टोकाशी पोकळी असते, आदळली की टोक चार पाकळ्यांत मागे वळतं. जनावराच्या अंगातून काढलेली अशी गोळी कुणाकडे असेल तर हातात घेऊन बघच. पाकळ्यांच्या कडा धारदार, बुडाशी नळीच्या आट्यांचे तिरके ओरखडे जसेच्या तसे, आणि वजनाला जवळजवळ पूर्ण. तिच्याशेजारी फुटलेल्या साध्या गोळीचं रिकामं, चुरगळलेलं कवच ठेव, मग मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

मला विचारशील तर तुझ्यासाठी तांब्याची. कारण रोहीशी कमी आणि तुझ्या स्वयंपाकघराशी जास्त आहे. शिशाची गोळी फुटली की तिचे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जाऊन बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेला हरणाचा खिमा यावरून अन्नकेंद्रांना टाकून द्यायला सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्याच बंद केल्या. तुझ्या घरात पाच वर्षांचं पोर आहे. खिमा करणार असशील तर हा विषय इथेच संपला.

पण तांब्याचे दोन नखरे सांभाळ. एक म्हणजे तिला फुलायला वेग लागतो. लांबवर जाऊन मंदावली तर नुसती सुईसारखी आरपार जाते. किती वेगाखाली फुलत नाही ते कंपनी सांगते, तो आकडा बघून ठेव. तू तसंही दोनशे यार्डांच्या आतच मारणार आहेस, त्यापुढे मारूच नकोस. दुसरं, तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी जास्त लांब होते आणि लांब गोळीला नळीत पीळही जास्त लागतो. रायफलीच्या माहितीत पिळाचा आकडा असतो, तो दुकानदाराला दाखव. .30 ची असेल तर तांब्यात 165 किंवा 180 ग्रेन, आणि शिशाची भिंतवाली घेतलीस तर 180 किंवा 200.

आता रायफलीचं. .300 विंचेस्टर मॅग्नम म्हणतायत ना सगळे? चांगलीच आहे, आणि काही रँचवाल्यांची किमान कॅलिबरची अट असते, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारून घे. अट नसेल आणि मॅग्नमच्या धक्क्याने घोडा ओढतानाच तुझे डोळे मिटत असतील, तर .30-06 वर ये. 1906 पासूनचं काडतूस आहे, त्यात चांगली गोळी घाल आणि जवळ जा. जुन्या काळी डब्ल्यू. डी. एम. बेल आफ्रिकेत 7 मिलिमीटरच्या रायफलीने हत्ती पाडायचा, हे जावईबुवा तुला ऐकवतीलच. ऐकवू देत. बेल न फुलणारी, पूर्ण कवचाची गोळी वापरायचा आणि हत्तीच्या कवटीचा त्याने आतून अभ्यास केलेला होता.

आणि हो, स्वस्तात मिळतात म्हणून फौजी गोळ्या घेऊ नकोस. त्या पूर्ण कवचाच्या. 1899 च्या हेग करारात फुलणारी गोळी युद्धात बंद झाली, तीही आपल्याच डमडमच्या कारखान्यातल्या गोळीवरून झालेल्या बोभाट्यानंतर. खडकीत आणि वरणगावात आम्ही जे करवून घ्यायचो ते माणसांच्या लढाईसाठी. जनावराला ती गोळी भोक पाडून निघून जाते आणि ते बिचारं मैलभर पळून मरतं. डब्यावर 'मॅच' लिहिलेल्याही नकोत, त्या कागदाच्या लक्ष्याला.

काडतूस विकत घेताना नळीवर कोरलेलं नाव आणि डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळव. नुसतं .300 बघून डबा उचलू नकोस. विंचेस्टर मॅग्नम, विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, वेदरबी मॅग्नम, सगळ्यांच्या गोळीचा व्यास तोच .308 इंच, पण टरफलं वेगळी, आणि चुकीचं काडतूस चुकीच्या नळीत गेलं तर मरण जनावराचं नसतं.

लॉट नंबर एकच असलेले डबे घे. माझी ही जुनी खोड समज, पण दारूचा लॉट बदलला की कधीकधी गोळी दुसरीकडे लागते. सराव, झिरोइंग आणि शिकार, तिन्हीला तेच काडतूस. शंभर यार्डांवर तीन-तीनचे ग्रुप काढ. टेबलावर बसून जमलं की उठून काठीच्या टेकूवर काढ, कारण रँचवर टेबल नसतं.

उन्हातल्या ट्रकमध्ये डबा ठेवायचा नाही. दारू तापली की नळीतला दाब वाढतो. इंग्रजांच्या काळात कायनॉक कंपनी हिंदुस्थानासाठी कॉर्डाइट दारू थोडी कमी भरलेली वेगळी काडतुसं करायची, याच कारणाने. इथे मेमध्ये अग्निनक्षत्रमचा कडक उन्हाळा लागला की मला नोकरीतलं काडतुसांचं कोठार आठवतं, दारावर हात ठेवला तर भाजायचा.

रँचवाला आजोबांच्या वेळची काडतुसं देऊ लागला तर गोड बोलून नाही म्हण. आणि नवी असली तरी एकेक उजेडात फिरवून बघ. टरफलाच्या मानेवर केसासारखी उभी रेघ दिसते का, नख फिरव, नख अडकलं तर ते बाजूला. हिरवट डाग, आत दबलेली किंवा वर आलेली कॅप, सैल गोळी, सगळं बाजूला. ही मानेची चीर पहिल्यांदा इंग्रजी फौजेला आपल्याकडेच भोवली. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांजवळ ठेवायचे आणि पावसाळा संपेतो पितळ आपोआप तडकलेलं असायचं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हे कारण पक्कं व्हायला 1921 उजाडलं. तुझ्याकडे तबेला नाही, पण नळी साफ करायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. ती बाटली आणि काडतुसं एका पिशवीत नकोत.

नेम धरताना रोही आडवा उभा असू दे, पुढच्या पायाच्या रेषेवर, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. एरवी हरणाला धरतात त्याहून पुढे आणि खाली. पाठमोरा असेल तर बोट घोड्यावरून काढ. गोळी लागल्यावर तो उभा असेपर्यंत दुसरी मारायला लाजू नकोस, रँचचा माणूस मारू नका म्हणेपर्यंत.

कागदपत्रांचं मात्र सगळ्याआधी. तुझं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. व्हिसावरच्या माणसाला तिकडे बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. सूट आहे ती ग्राह्य हंटिंग लायसन्स असलेल्यांना. म्हणजे लायसन्स हातात येईपर्यंत सरावाच्या रेंजवरसुद्धा रायफल उचलू नकोस, आणि ऑफिसच्या वकिलाला एकदा विचार. जन्म 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतरचा असेल तर टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो, म्हणजे तुम्हा दोघांनाही. तो नुसता उरकू नकोस.

डिसेंबरात इकडे येशील तेव्हा शिंग, कातडं काही आणायचं नाही. आणि ज्या बॅगेतून रँचवर गेलीस ती बॅग चेन्नईला आणूच नकोस. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं ठरलेलं, आणि मी कितीही ओळखी सांगितल्या तरी ती रात्र तू बाकावर काढशील. नवी बॅग घे, पैसे मी देते.