मासा हलाल, पण मासेमारीची रीत?

समुद्रातील शिकार अल्लाहने आपल्यासाठी वैध ठरविली आहे. सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत ही परवानगी स्पष्ट शब्दांत आली आहे. समुद्रप्रवास करणाऱ्या एका माणसाने समुद्राच्या पाण्याने वुजू करावा का, असे विचारले असता, ते पाणी पवित्र आहे आणि त्यातील मृत जीवही हलाल आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). तपशिलात फिकहच्या इमामांमध्ये मतभेद असले, तरी मासा हलाल आहे याविषयी दुमत नाही.

या सवलतीमुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे. समुद्राच्या बाबतीत हलाल-हरामचा वेगळा विचार करण्याचे कारणच नाही, असे आपण मानू लागलो आहोत. मासा वैध आहे, म्हणून तो केव्हाही, कितीही आणि कसाही पकडणे वैध ठरते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सूरह आराफच्या १६३ ते १६५ या आयती लक्षपूर्वक वाचाव्यात. त्यांत समुद्रकिनाऱ्यावरील एका वस्तीची हकीकत आहे. बनी इस्राईलच्या त्या लोकांना सब्तच्या, म्हणजे शनिवारच्या दिवशी मासेमारी करण्यास मनाई होती. त्यांची परीक्षा अशी की, नेमक्या त्याच दिवशी मासे पाण्यावर उघडपणे येत आणि इतर दिवशी दिसत नसत. लोकांनी मर्यादा ओलांडली. भाष्यकार सांगतात की, काहींनी मनाईच्या दिवसापूर्वीच जाळी लावून ठेवली आणि दिवस उलटल्यावर मासे काढून घेतले. शब्द पाळल्याचा देखावा केला आणि आदेशाचा हेतू पायदळी तुडविला.

त्या वस्तीत तीन प्रकारचे लोक होते. काही आज्ञाभंग करणारे होते, काही त्यांना रोखणारे होते, तर काहीजण रोखणाऱ्यांनाच विचारत होते की, ज्यांचा नाश ठरलेला आहे त्यांना उपदेश कशासाठी करता? कुरआन स्पष्टपणे सांगतो की, जे रोखत होते ते वाचविले गेले आणि अत्याचार करणारे पकडीत सापडले.

सब्तचा आदेश हा त्या समाजाच्या उपासनेचा भाग होता. आजची मासेमारीबंदी हा शासनाचा नियम आहे. दोन्ही एकच आहेत, असे म्हणता येणार नाही. परंतु माणसाची वृत्ती तीच आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर दरवर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागू होते. अनेक जातींचे मासे या काळात अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. प्रखर एलईडी दिवे लावून मासे आकर्षित करण्याच्या पद्धतीवर २०१७ पासून बंदी आहे, कारण त्या उजेडाकडे पिल्लांसह सारे काही ओढले जाते. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले, तरी लहान पापलेट बाजारात येतच असते. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला की पुढची पिढीच नाहीशी होते. पहिला फटका बसतो तो छोट्या होडीवर पोट असलेल्या मच्छीमाराला. त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील आपले दाल्दी बांधवही आहेत.

केवळ कायदा पुरेसा पडत नाही, हे झांझिबारमधील पेम्बा बेटाजवळच्या मिसाली या लहानशा बेटावर दिसून आले. तेथील मच्छीमार मुस्लिम आहेत. मिसाली या नावाचा संबंध मुसल्ल्याशी जोडला जातो. हजरत खिज्र यांना नमाजसाठी मुसल्ला मिळाला नाही, तेव्हा त्यांनी हे बेटच मुसल्ला मानले, अशी तेथील लोककथा आहे. अशा बेटाभोवती सुरुंगाच्या स्फोटाने मासे मारले जात. स्फोटात माशांची वाताशये फुटतात. बरेच मासे तळाशी जाऊन वाया जातात आणि ज्या प्रवाळात मासे वाढतात, ते पुन्हा उभे राहण्यास अनेक दशके लागतात. शासकीय बंदीचा परिणाम होत नव्हता. १९९९ मध्ये पर्यावरणविषयक इस्लामी विचारवंत फजलून खालिद यांनी तेथे कुरआनच्या आधारे शिकवण दिली. सृष्टी अल्लाहची आहे, तिच्यात मीजान म्हणजे समतोल आहे आणि माणूस तिचा मालक नसून विश्वस्त आहे, हे मच्छीमारांना पटले. सरकारकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे, अल्लाहचा कायदा मोडणे नव्हे, अशा आशयाचे उद्गार त्यांच्यातील एकाने काढले.

हा हिशेब केवळ मच्छीमारांचा नाही. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीत जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या बिघाडाचे कारण माणसांच्या हातांची कमाई हे सांगितले आहे, आणि माणसाने परत फिरावे म्हणून त्याची काही चव त्याला चाखविली जाते. शहरांचे प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी, खाडीत फेकलेले प्लास्टिक, समुद्रात टाकून दिलेली नायलॉनची जाळी ही आपल्याच हातांची कमाई आहे. लोक ज्या पाणवठ्यावर येतात, तेथे घाण करणे हे शाप ओढवून घेणारे कृत्य असल्याचे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. खाडी आणि किनारा हेदेखील लोकांचे पाणवठेच आहेत.

आणखी एका हदीसमध्ये (बुखारी) त्यांनी जहाजाचा दृष्टांत दिला आहे. खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी आपल्याच भागात भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांना रोखले नाही, तर सारेच बुडतील. हात धरला, तर सारेच वाचतील.

म्हणून प्रत्येकाने आपले स्थान तपासावे. मच्छीमाराने आपल्या जाळ्याच्या आसाचा आकार पाहावा. गृहिणीने आणि घरधन्याने पिल्लू मासा विकत घेण्याचे नाकारावे. किनाऱ्यावरील मशिदींच्या इमामांनी बंदीचा काळ सुरू होण्यापूर्वीच्या जुमाच्या खुतब्यात त्या वस्तीची हकीकत सांगावी, आणि बंदीच्या दिवसांत ज्यांची चूल थंडावते, त्यांच्यासाठी जमातीने जकात व सदक्याची व्यवस्था करावी. उपाशी माणसाला नुसता उपदेश करणे पुरेसे नाही.

त्या वस्तीतील तीन गटांपैकी गप्प राहणाऱ्यांच्या परिणामाविषयी कुरआनने मौन बाळगले आहे. वाचल्याची ग्वाही मिळाली ती रोखणाऱ्यांना. अल्लाह आपल्याला त्यांच्यात सामील करो. आमीन.