हँडल उंच केले की काय बदलते?

शिरूरहून न्हावरे मार्गे चौफुल्याकडे दुधाचे कॅन अडकवून जाणाऱ्या मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. एकेकाळी त्यांत राजदूत पुष्कळ असत. आता गाड्या बदलल्या. पण उंच माणूस हँडलवर वाकून बसला, तर दौंडला पोचेपर्यंत त्याची पाठ भरून येते. धड पुढे झुकले की त्याचे वजन कमरेच्या पुढे पडते आणि ते तोलून धरण्याचे काम पाठीच्या स्नायूंवर येते.

यावर उपाय म्हणजे हँडलखालचे जुने ठोकळे काढून उंच ठोकळे बसवणे. गॅरेजमध्ये त्यांना रायझर म्हणतात. काम सोपे दिसते, पण त्यात पदार्थविज्ञान दडलेले आहे. (करताना जाणते माणूस शेजारी हवेच.)

ब्रेक दाबताच आपले हात हँडलला पुढे रेटतात. समजा, हे बल २०० न्यूटन आहे. ठोकळा ५० मि.मी. उंच असेल, तर त्याच्या बुडाशी २०० × ०.०५ = १० न्यूटन-मीटर परिबल येते. उंची ८० मि.मी. केली की तेच १६ होते. हात तोच, बल तेच. पण बोल्टांवरचा भार दीडपटीहून अधिक!

म्हणून बोल्टही लांब हवेत. ८ मि.मी. जाडीचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत निदान १२ मि.मी. तरी शिरावा. त्याच्या दोन आट्यांमधील अंतर बहुधा १.२५ मि.मी. असते. तेव्हा बोल्ट हाताने फिरवा आणि फेरे मोजा. दहा फेऱ्यांच्या आत तो थांबला, तर बोल्ट आखूड आहे किंवा आटे खराब आहेत. हे मोजायला पैसे पडत नाहीत, तरी फारच थोडे लोक मोजतात.

बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, म्हणजे दाब सारखा पडतो. किती आवळायचे हे गाडीच्या पुस्तिकेत असते; ८ मि.मी.च्या बोल्टला साधारणतः २० ते २५ न्यूटन-मीटर. २० सें.मी. लांब पान्याच्या टोकाला सुमारे ११ किलो वजनाइतका जोर लावला की एवढे होते. पान्यावर पाइप चढवून जोर करू नये, आटे निघतात.

आता खरी परीक्षा. हँडल वर गेले, पण क्लचची आणि ॲक्सिलेटरची वायर तेवढीच राहिली. गाडी मेन स्टँडवर, उघड्या जागेत लावा. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू द्या आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला, तर वायर ओढली जात आहे असे समजा. अशी गाडी ऐन वळणावर आपोआप वेग घेईल! वायरचा मार्ग बदला, नाहीतर लांब वायर घाला. डिस्क ब्रेकची नळीही ताणलेली नसावी.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ठोकळ्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला आहे.