कौटुंबिक उद्योग : विस्तार आणि वारसा

कौटुंबिक उद्योगाचे खरे भांडवल कोणते, याचा विचार करताना अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील ‘निन्फाज’ या मेक्सिकन उपाहारगृहाचे उदाहरण उद्बोधक ठरते. निन्फा लॉरेन्झो आणि त्यांच्या पतीने १९४९ मध्ये तेथे टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, तयार करण्याचा कारखाना काढला. १९६९ मध्ये पतीचे निधन झाले. कारखानाही अडचणीत आला. तेव्हा १९७३ मध्ये निन्फाबाईंनी कारखान्याच्या दर्शनी भागात अवघी १० टेबले मांडून उपाहारगृह सुरू केले. पाच मुलांची त्यांना साथ होती. घरचे श्रम आणि घरचे कौशल्य हेच अशा उद्योगाचे आरंभीचे भांडवल असते. निखाऱ्यावर भाजलेले मांस ताज्या पोळीत गुंडाळलेला त्यांचा पदार्थ लोकप्रिय झाला आणि शाखा वाढत गेल्या.

परंतु शाखाविस्ताराला घरचे मनुष्यबळ पुरत नाही. बाहेरचा पैसा आणि बाहेरचे व्यवस्थापन यांवरील अवलंबित्व वाढते. १९९६ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढे उद्योग व त्याचे नाव कुटुंबाच्या हातून गेले. मात्र १९९८ मध्ये निन्फाबाईंचा मुलगा आणि नातू यांनी त्याच शहरात ‘एल टिएम्पो’ हे नवे उपाहारगृह उभे केले.

तात्पर्य, नाव विकले जाऊ शकते. अंगी मुरलेले कौशल्य विकले जात नाही. म्हणून विस्ताराची गती ठरविताना कर्जफेडीच्या क्षमतेइतकाच पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणाचाही विचार व्हावयास हवा.