एक तास बसून राहा

ड्युनेडिन,
१२ नोव्हेंबर

चि. सई,

डिसेंबरात तू कॅम्पबेल बेटावर जाणार हे कळलं आणि मी माझी तिथली जुनी वही काढून बसले. न्यूझीलंडच्या दक्षिणेला सुमारे ७०० किलोमीटरवरचं हे निर्मनुष्य बेट. तिथे तुला एकच दिवस मिळेल, म्हणून लिहिते.

आधी बुटांचे तळवे, खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या सुईनं कोरून साफ कर. तपासणी होते म्हणून नव्हे, बेटानं फार सोसलंय म्हणून. १८९५ पासून तिथे मेंढ्या पाळल्या. त्यांनी मोठ्या पानांचा झाडोरा फस्त केला. उंदरांनी जमिनीवर घरटी करणारे अनेक पक्षी बेटावरून संपवले. २००१ मध्ये हेलिकॉप्टरमधून १२० टन विषारी आमिष टाकलं, तेव्हा कुठे उंदीर गेले. न उडणारं तिथलं बदक २००४ मध्ये घरी परतलं. एक चिकटलेलं बी ही मेहनत पाण्यात घालू शकतं.

तुझ्या अभ्यासातल्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चा हूकर १८४० च्या डिसेंबरात याच बेटावर उतरला होता, तेविसाव्या वर्षी. त्यानं पाहिलेली फुलं तुलाही दिसतील. प्लुरोफायलम नीट बघ. आपल्या शेवंतीच्याच कुळातलं, पण पानं कोबीपेक्षा मोठी, खोल शिरांची, आणि त्यांतून वर आलेले जांभळट फुलांचे घोस. शेजारी रॉस लिलीचे पिवळे तुरे. ही लिली मेंढ्यांना आवडत नसे, म्हणून त्या काळात उलट तीच फोफावली. रान वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेव: जे भरपूर दिसतं, ते मुळात तेवढं असेलच असं नाही.

मी सकाळभर कॅमेरा घेऊन धावले आणि वहीत नुसती नावं राहिली. दुपारी खिंडीजवळच्या फळ्यांच्या वाटेवर पावसात बसून राहिले, तेव्हा तरुण अल्बट्रॉस जमले. तीन मीटरचे पंख पसरून, चोची आभाळाकडे करून एकमेकांभोवती फिरू लागले. पलीकडे एक पक्षी अंड्यावर निश्चल. जोडीदारासोबत पाळीपाळीनं साधारण ७९ दिवस तो अंडं उबवतो.

तूही एक तास अशीच बसून राहा. पक्ष्यापासून पाच मीटरचं अंतर राख. तोच चालत जवळ आला तर हलू नकोस. आणि परतलीस की किती प्रकार दिसले ते नको कळवूस. त्या एका तासात काय पाहिलंस, ते सविस्तर लिही.

तुझी,
मावशी