अर्धा शब्द गिऱ्हाइकाचा

भाचेबुवा,

वहिनीचा फोन आला होता. दुकानाच्या वेबसाइटवर सर्चबॉक्स बसवलास, आणि आता त्यात दोन अक्षरं टाकली की खाली सजेशनची यादी उघडली पाहिजे, असं तुझ्या मनात आहे म्हणे. मला विचारलं नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. विचारलं असतंस तर मी ‘अजून वर्षभर थांब’ म्हणाले असते, आणि तू काही थांबला नसतास. इथे धुळ्यात बसून तुझ्या आत्याने हेच काम दोनदा केलंय, एकदा एका वाचनालयाच्या पुस्तकयादीसाठी आणि एकदा एका बी-बियाण्यांच्या दुकानासाठी. दोन्ही वेळा आधी बिघडवलं, मग सुधारलं. तेव्हा चहा घे आणि सावकाश वाच. मी घाई केली म्हणूनच तर एवढे मुद्दे जमलेत.

१. यादी दोनशे-तीनशे नावांची असेल तर सर्व्हरला उठवूच नकोस, सगळी नावं पानाबरोबरच पाठव आणि तिथल्या तिथे शोध — घरात पीठ असताना गिरणीच्या रांगेत कशाला उभं राहायचं?

२. पहिल्या अक्षराला तोंड उघडू नकोस, दुसऱ्याची वाट बघ — ‘क’ म्हटल्यावर आपल्याकडे कापूस, केळी, कांदा, कीटकनाशक सगळेच धावत येतात, आणि समोरच्याला हवी असते कुंपणाची तार… छे, तीही ‘क’च!

३. मात्र अक्षरं मोजायचं काम कंप्युटरच्या साध्या मोजणीवर सोडू नकोस — आपल्याला ‘कुऱ्हे’ ही दोन अक्षरं दिसतात, त्याच्या वहीत त्या सहा खुणा असतात. नुसता ‘के’ लिहिला तरी तो ‘दोन झाली’ म्हणून मोकळा होतो. ब्राउझरमध्ये अक्षरं नीट मोजणारा ‘सेगमेंटर’ आता आयता मिळतो, तो वापर.

४. बोट थांबल्यावर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी विचारणा कर, प्रत्येक टकटकीला नको — इंग्रजी अक्षरांत ‘केळीची रोपे’ लिहिणारा माणूस बारा कळा दाबतो, म्हणजे तुझा सर्व्हर बारा वेळा उठाबशा काढतो. बुवांनी दम घेतल्यावर झीलकऱ्यांनी सूर लावावा, एवढंच.

५. नवी विचारणा निघाली की जुनी रद्द कर, नाहीतर प्रत्येकीला नंबर दे आणि शेवटच्या नंबराचंच उत्तर दाखव — आधी सुटलेली गाडी भुसावळला रखडते आणि मागची पुढे जाते, तसं ‘चोप’चं उत्तर ‘चोपडा’च्या उत्तरानंतर येऊन त्याच्यावर बसतं. शहरातल्या वायफायवर हे कधी दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला उभं राहून बघ.

६. एंटर दाबला म्हणून यादीतलं पहिलं नाव परस्पर निवडू नकोस. त्याने बाणाच्या कळीने खाली येऊन निवडलं असेल तरच ते घे — आमच्याकडे एकाने ‘कांदेबाग’ पूर्ण लिहायच्या आत एंटर दाबला आणि केळीच्या रोपांऐवजी कांद्याच्या बियांच्या पानावर जाऊन पडला. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला मृगबाग आणि कांदेबाग म्हणजे केळीलागवडीचे हंगाम हे सांगावं लागत नाही, मला मात्र सांगावं लागलं, आणि तेही फोनवर, बऱ्याच वरच्या आवाजात.

७. फोनवर मराठी लिहिताना शब्द जुळत असतो तेव्हाचा एंटर कीबोर्डचा समज, तुझा नव्हे; पण सजेशन दाखवायला शब्द पूर्ण जुळायची वाट बघू नकोस — अँड्रॉइडचे बरेच कीबोर्ड स्पेस देईपर्यंत ‘अजून जुळतोय’ असंच सांगत राहतात. मी ती वाट बघितली होती; यादी यायची, पण वरात गेल्यावर बँड यावा तशी.

आता जरा बूड टेकून बस, कारण पुढे नावांचा विषय आहे, आणि खानदेशातली नावं म्हणजे सोपं काम नाही. त्याआधी एक गोष्ट ऐक: गूगलने ‘गूगल सजेस्ट’ डिसेंबर २००४ मध्ये लोकांपुढे ठेवलं. तिथल्या केविन गिब्स नावाच्या इंजिनिअरचं ते काम. पण आपल्या किराणावाल्याचं सजेशन त्याच्या कितीतरी आधीचं. आई ‘भाऊ, ती आपली…’ एवढंच म्हणायची आणि तो दादर ज्वारीच्या पोत्याकडे वळायचा. अर्धा शब्द गिऱ्हाइकाचा, अर्धा दुकानदाराचा. त्या माणसाने आईचं शुद्धलेखन कधी काढलं नाही, हे ध्यानात ठेव.

८. नावाच्या पहिल्याच शब्दाशी जुळणी करून थांबू नकोस, आतल्या प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीशी कर — आमच्या धुळ्यात १९२७ साली निघालेल्या संस्थेचं पूर्ण नाव ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ’; रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणतात ‘राजवाडे मंडळ’. ‘इ’पासून कोण सुरू करणार?

९. प्रत्येक नावाला त्याची घरची नावंही चिकटव — तुमच्या जळगावचं विद्यापीठ १९९० साली निघालं ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून, २०१८ साली कवयित्री बहिणाबाईंचं नाव जोडलं गेलं. पण पोरं अजून ‘उमवि’च लिहितात, आणि त्यांना तिथेच जायचं असतं. केळीच्या रोपाचंही तेच, कागदावर ‘ग्रँड नैन’ आणि बांधावर ‘जी-नाइन’.

१०. लोक चुकतात तशीच चूकही यादीत लिहून ठेव, फक्त दाखवताना बरोबर दाखव — ‘कवयित्री’चं ‘कवियत्री’ करणारे निम्म्या महाराष्ट्रात सापडतील, आणि त्यांना ‘एकही निकाल नाही’ म्हणणं म्हणजे दारातून पाहुणा परत पाठवणं.

११. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार जुळणीपुरते बाजूला ठेव — १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले कितीतरी अनुस्वार उतरवले, पण जुन्या पुस्तकांवर ‘धुळें’ अजून टिंब घेऊन बसलंय आणि कित्येक पाट्यांवर ‘जळगांव’सुद्धा. वाचनालयात मी हे केलं नव्हतं. एकच गाव दोन कपाटांत राहत होतं.

१२. ‘ळ’ आणि ‘य’ यांचंही गुपचूप जमवून दे — आपल्याकडे बोलताना जळगावचं ‘जयगाव’ होतं आणि धुळ्याचं ‘धुये’. आता माईकवर बोलून शोधणारे आजोबा काय ‘ळ’ची उजळणी करून बोलणार आहेत? हसू नकोस, तूही लहानपणी ‘केयं दे’ म्हणूनच रडायचास.

१३. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्हीकडे युनिकोड एकसारखा करून घे — ‘ऱ’ एका खुणेनेही लिहितात आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही, डोळ्याला एकच, कंप्युटरला दोन भाऊ वेगळे झालेले. हे दोघे नेहमीच्या नॉर्मलायझेशनने एकत्र येतात, पण ‘ॲ’ मात्र येत नाही. एका खुणेचा ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र ठेवून केलेला, ही समजूत तुलाच हाताने घालावी लागेल. मधे लपलेले न दिसणारे जोडखूणवालेही झटकून टाक. ‘कुऱ्हे पानाचे’ हे गाव न सापडण्यापायी मी एक अख्खा रविवार घालवलाय.

१४. इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेची धर — यावलला कोणी ‘व्ही’ लावतो कोणी ‘डब्ल्यू’, चोपड्यात मधला ‘ए’ कोणी खातो कोणी घालतो, आणि शिंदखेड्याच्या सुरुवातीला ‘एच’ आहे की नाही यावर तर लग्नपत्रिकेतसुद्धा एकमत नसतं.

१५. जुनी नावं पुसू नकोस — मुक्ताईनगर म्हणणाऱ्या नातवाच्या घरात एदलाबाद म्हणणारे आजोबा असतात, आणि बिल बऱ्याचदा आजोबा भरतात.

१६. एकाच नावाची दोन गावं आली की शेजारी ओळख लिही — जळगावजवळ शिरसोली प्र. न. आहे आणि शिरसोली प्र. बो.ही, त्या ‘प्र.’मध्ये जुना परगणा दडलाय. कुऱ्हे पानाचे भुसावळ तालुक्यात आणि कुऱ्हा काकोडा मुक्ताईनगरात. नुसतं ‘कुऱ्हा’ दाखवलंस तर खताची गाडी भलत्याच गावच्या पारावर उभी राहील, आणि डिझेल तुझं.

एवढं झालं की निम्म्याहून जास्त काम झालं. उरलेलं हातासरशी सांगते.

१७. पाच-सहा, फार तर सात नावं दाखव — फोनवर अर्धा पडदा कीबोर्डच खातो. ब्राउझरची स्वतःची जुनी यादीही त्या चौकटीपुरती बंद कर, नाहीतर दोन पंगती एकावर एक बसतात.

१८. जुळलेला भाग ठळक करताना अक्षराच्या मधोमध कात्री लावू नकोस — मात्रा एकीकडे, अक्षर एकीकडे झालं की मधे ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं, आणि लोक विचारतात की हे कोणतं अक्षर.

१९. नावावर बोट टेकवताच निवड पक्की धर — चौकटीवरचं लक्ष सुटल्याबरोबर यादी मिटवलीस तर बोट उचलेपर्यंत खाली काहीच उरत नाही. आमच्या दुकानात आठवडाभर हे चाललं होतं, आणि मी आठवडाभर लोकांच्या बोटांना दोष देत होते.

२०. बाणाच्या कळा, एस्केप आणि स्क्रीन रीडर, तिघांचीही सोय पहिल्याच दिवशी कर. चौकटीला ‘कॉम्बोबॉक्स’ म्हणून ओळख दे, यादी उघडी की मिटलेली आणि सध्या कोणत्या नावावर आहोत तेही कळव — ज्याला दिसत नाही त्याला ‘पाच नावं आली’ हे कोणी सांगितलंच नाही तर त्याच्या लेखी ती आलीच नाहीत. मागून करू म्हटलेलं काम दिवाळीनंतरच्या फराळासारखं, होतच नाही.

२१. यादीतलं नाव पानावर साधा मजकूर म्हणूनच ठेव, एचटीएमएल म्हणून कधीच नको — कोणी नावाच्या जागी कोडचा तुकडा पेरला तर तो गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उगवतो.

२२. लोकांनी टाइप केलेलं जसंच्या तसं दुसऱ्यांना सुचवू नकोस, सजेशन आपल्या तपासलेल्या यादीतूनच दे — सर्चबॉक्समध्ये लोक मोबाइल नंबर लिहितात, उधारी लिहितात, एकाने तर शेजाऱ्याला शिवी लिहिली होती. ती पुढच्या गिऱ्हाइकाला सुचवली गेली असती तर दुकानापुढे वेगळीच गर्दी जमली असती.

२३. यादी वाढली की डेटाबेसला शब्दाच्या सुरुवातीपासून शोधायला लाव, मधूनच कुठूनतरी नको — सुरुवात माहीत असली की तो इंडेक्स धरून सरळ पानावर जातो. ‘मधे कुठेतरी केळ असेल’ म्हटलंस की अख्खी वही चाळत बसतो. आठवा मुद्दा पाळायचा तर प्रत्येक शब्द सुटा करून आधीच वेगळ्या तक्त्यात टाकून ठेव.

२४. ज्या शोधांना काहीच सापडलं नाही ते शब्द, कोणी शोधले हे न नोंदवता, बाजूला साठव आणि दर सोमवारी बघ — गिऱ्हाईक तक्रार करत नाही, दुसरीकडे जातं. मागच्या श्रावणात मला त्या यादीत ‘भरताचं वांगं’ पाच वेळा सापडलं, पाचही वेळा वेगळ्या स्पेलिंगने. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, बी आमच्या फडताळात भरलेलं होतं, आणि वेबसाइटवर त्याचं नाव होतं पाकिटावरचा सहा आकडी नंबर. तो नंबर मीच टाकला होता.