घरच्या सेप्टिक टाकीची निगा

टाकी बांधून झाली, वर फरशी बसविली, की तिची आठवण कोणास राहत नाही. टाकीचे झाकण नेमके कोठे आहे हे घरधन्यासही सांगता येऊ नये, अशी घरे प्रस्तुत लेखकाने फिरतीत पाहिली आहेत.

टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसतो, हलका भाग सायीप्रमाणे वर तरंगतो व मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. तळाचा गाळ सूक्ष्म जंतू कुजवितात. परंतु तो सर्वच नाहीसा होत नाही. साचत गेलेला गाळ अखेर शोषखड्ड्यात शिरून जमिनीची छिद्रे बुजवितो. काळ्या भारी जमिनीत पाणी मुळातच सावकाश मुरते. तेथे हा दोष लवकर उघडकीस येतो.

यास्तव दर उन्हाळ्यात लांब काठीस पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी. काळ्या डागावरून गाळाची उंची समजते. गाळ व साय मिळून टाकीतील पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापला गेला, म्हणजे उपसा करावा. सामान्यतः २ ते ३ वर्षांनी ही वेळ येते. संडासात फिनेल अथवा ॲसिड सढळ हाताने ओतू नये. त्याने उपयुक्त जंतू मरतात. पन्हळीचे पाणीही टाकीत सोडू नये.

उपसा पंपाच्या गाडीनेच करवावा. टाकीत कोणासही, क्षणभरदेखील, उतरवू नये. आत प्राणवायू अपुरा असतो व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. प्रारंभी त्याची दुर्गंधी येते, परंतु तो वाढताच घ्राणशक्ती बधिर होते आणि माणूस सावध होण्यापूर्वीच कोसळतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो व तोही दगावतो. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथे घातक ठरेल, कारण आतील मिथेन वायू पेट घेतो. झाकणापाशी विडीदेखील ओढू नये. कोणी आत पडल्यास वरूनच दोर टाकावा व त्वरित ११२ क्रमांकावर कळवावे. संरक्षक साधनांवाचून मजुरास टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, हे ग्रामसेवकांनी ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे.

उपसताना थोडा गाळ विरजणाप्रमाणे तळाशी राहू द्यावा. उपसलेला ताजा गाळ ओढ्यात सोडू नये, तसेच भाजीपाल्यासही घालू नये. त्यात जंतांची अंडी जिवंत असतात.